मला काही भाग मान्य आहे

आमच्या ऑफिसात माझ्या टेबलाला तक्रारखिडकी म्हणतात. मी चिडते, तरी म्हणतात. आमची कंपनी अकरा माणसांची, आणि आम्ही एकच सॉफ्टवेअर करतो. ज्यांची वाचा आजारपणात गेली त्यांच्यासाठी 'बोलका फळा'. पडद्यावर चित्रं असतात, चित्रावर बोट टेकवलं की संगणक तो शब्द मोठ्यानं बोलतो. फळा सोपा आहे. अडचण फळ्याच्या आधी आहे. तो संगणकात बसवायचा तर आधी सहा खिडक्या पार कराव्या लागायच्या, आणि त्या सहा खिडक्यांत आमची निम्मी माणसं गारद व्हायची. हे मला ठाऊक, कारण त्यांचे अभिप्राय माझ्याकडे येतात. 'छान.' 'चालत नाही.' 'छान, पण चालत नाही.' एका बाईंनी नुसतं 'का?' एवढंच लिहिलं होतं, आणि खरं सांगते, त्याच्याइतका नेमका अभिप्राय मला अकरा वर्षांत मिळाला नव्हता.

त्या सहा खिडक्या ज्यानं लिहिल्या त्याला मी शहाणा म्हणते. तोंडावर म्हणते. त्याला ते कौतुक वाटतं.

तर एका सोमवारी रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. जाडजूड, लाखेनं बंद केलेलं. मला वाटलं कुणीतरी कोर्टात खेचलं. उघडलं तर आत आमचाच करार! बसवताना दुसऱ्या खिडकीत एक करार दिसतो ना, चिमुकल्या चौकटीत, मुंगीच्या अक्षरात, आणि खाली 'मला मान्य आहे' असा चौकोन? तो. तो आजवर कुणी वाचलेला नाही. शहाण्यानंही नाही, त्यानं तो कुठूनतरी उचलून चिकटवला होता. तो अख्खा करार कुणीतरी पडद्यावरून बघून हातानं उतरवून काढला होता. अडतीस पानं, मोत्यासारखं अक्षर, डावीकडे चार बोटं समास सोडलेला. प्रत्येक पानाखाली सही. शेवटी दोन साक्षीदार, एक इस्त्रीवाला आणि एक वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, दोघांचे फोटो चिकटवलेले. इस्त्रीवाला फोटोत भलताच गंभीर दिसत होता.

वर पत्र होतं. 'आपला मसुदा वाचण्यात आला. तो सकृतदर्शनी एकतर्फी आहे. हरकती कलमवार जोडल्या आहेत. सुधारित मसुदा मिळावा.'

हरकती काय एकेक! कलम सात, 'कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.' समासात लिहिलं होतं, 'मग कोण राहणार? नाव व हुद्दा कळवावा.' कलम बारा, 'कंपनी हा करार पूर्वसूचनेशिवाय बदलू शकते.' त्यावर, 'हा करार नसून हुकूम आहे. खोडावा.' पुढच्या खिडक्यांची चित्रं सोबतच्या माहितीपत्रकात छापलेली असतात, तीही त्यांनी सोडली नव्हती. तिसऱ्या खिडकीत आम्ही 'शिफारस केलेली पद्धत' असं लिहितो, त्यावर, 'शिफारस कुणी केली? त्यांची पात्रता काय?' चौथ्या खिडकीत सॉफ्टवेअर संगणकाच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते विचारतो, 'ठिकाण निवडा'. तिथं त्यांनी उत्तर देऊन टाकलं होतं, 'बैठकीची खोली, खिडकीशेजारी, पूर्वेकडे तोंड करून.' आणि सगळ्यात शेवटी, 'मला मान्य आहे व मला मान्य नाही हे दोन्ही चौकोन माझ्या बाबतीत खोटे ठरतात. मला काही भाग मान्य आहे. त्यासाठी तिसरा चौकोन असावा.'

मी ते चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. साहेबांनी ती पानं ऑफिसच्या सूचनाफलकावर लावायला सांगितली. शहाणा म्हणाला, "म्हातारी माणसं असली ना, की असंच." आम्ही त्या गृहस्थांचं नाव सहीकाका ठेवून टाकलं आणि चार दिवस जाता-येता एकेक कलम वाचून खिदळत राहिलो. मीही. सगळ्यात जास्त मीच.

शुक्रवारी पानं काढून फाइलला लावताना अडतिसाव्या पानामागे टाचणीनं जोडलेलं एक सुटं पान सापडलं. वर 'परिशिष्ट' असं लिहिलेलं. आमच्यापैकी कुणीही तिथवर पोचलं नव्हतं.

'सदर सॉफ्टवेअर वापरणार मी नसून माझी पत्नी आहे. तिची वाचा चार महिन्यांपूर्वी गेली. तिच्या वतीने करार मी मान्य करू शकत नाही. तिने स्वतः मान्य करायचा तर तिला बोलता आलं पाहिजे, आणि बोलता येण्यासाठी करार आधी मान्य केला पाहिजे. मार्ग सुचवावा. येत्या चौदा तारखेला, रविवारी, आमची मुलगी आईला कायमची आपल्या घरी नेण्यासाठी येत आहे. पत्नीला जायचं आहे की इथे राहायचं आहे हे तिला विचारल्याशिवाय मी तिला पाठवणार नाही, आणि विचारल्याशिवाय ठेवूनही घेणार नाही. संगणक एक तारखेपासून त्याच खिडकीवर चालू ठेवला आहे. कृपया तातडी समजावी.'

त्या दिवशी बारा तारीख होती. म्हणजे एक बाई बारा दिवस आमच्या एका चौकोनापायी मुकी बसून होती, आणि आम्ही इकडे दात काढत होतो. मला स्वतःची अशी शरम वाटली म्हणता! आणि मला शरम वाटली की मी दुसऱ्यावर ओरडते. मी शहाण्यावर ओरडले, साहेबांवर ओरडले, मग फोन लावला.

"काका, तो चौकोन दाबा आणि पुढे जा. मी कंपनीतून बोलतेय, मी सांगतेय ना."

"आपला हुद्दा?" पलीकडून शांत आवाज आला.

"अहो, हुद्दा कसला! तक्रारी बघते मी."

"तोंडी मंजुरी चालत नाही, बाई. लेखी आणा."

फोन ठेवला. मी कंपनीच्या कागदावर 'कलम सात व बारा खोडण्यात येत आहेत' असं लिहिलं आणि साहेबांपुढे धरलं. त्यांनी न वाचता सही केली. शनिवारी सकाळी शहाण्याची सुट्टी मोडून त्याला बखोटीला धरून बसमध्ये घातलं. तो वाटेत दोनदा म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, उगाच दोघं चाललोय." मी दोनदा खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार उघडलं ते सडसडीत, इस्त्रीच्या शर्टातल्या, खिशाला दोन पेनं लावलेल्या गृहस्थांनी. आधी माझं ओळखपत्र बघितलं, मग शहाण्याचं, मग म्हणाले, "या, या. उन्हातून आलात." बैठकीच्या खोलीत दोन भिंतींना कपाटं, कपाटांत फक्त फाइली. खिडकीशेजारी, पूर्वेकडे तोंड करून, संगणक. त्यावर चिठ्ठी डकवलेली, 'हात लावू नये. करार प्रलंबित.' खाली सही. घरात टेबलपंखा एकच, आणि तो संगणकाला वारा घालत होता, कारण बारा दिवस चालू राहून तो तापला होता. काकू खुर्चीत पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

"पण," काकू मला म्हणाल्या. अगदी 'या, बसा' म्हणावं तसं.

"हा एवढाच शब्द उरलाय," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहून जातो. ही बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत होती हो, एकोणतीस वर्षं, ज्या गावात राहिलो तिथल्या. दिवसभर बोलून घरी यायची आणि घरी येऊन बोलायची. मी काहीही ठरवलं की म्हणायची, 'पण'. आता बाकीचं सगळं गेलं आणि तेवढं राहिलं."

"पण!" काकू फटकन म्हणाल्या. म्हणजे, पुरे झालं माझं पुराण.

"आणि मान हलवून सांगत नाहीत का?" मी विचारलं.

"हलवते की. हो म्हणायलाही हलवते आणि नाही म्हणायलाही तशीच. ते मानेचं गणितही आजारात गेलं. परवा विचारलं, चहा हवा? मान. चहा नको? तीच मान. असल्या मानेवर मी एक कप चहासुद्धा नोंदवणार नाही, मग घर सोडण्याचं काय घेऊन बसलात. लिहायचं म्हणाल, तर उजवा हात गेला आणि शब्दही हाताशी येत नाहीत. रुग्णालयातल्या वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, चित्रावर मात्र बोट बरोबर ठेवते. त्यांनीच तुमचं सॉफ्टवेअर दिलं. म्हणाल्या, काही नाही, पुढे पुढे दाबत जा." काकांनी चष्मा पुसला. "पुढे पुढे दाबत गेलेल्या माणसांची घरं जाताना मी बघितली आहेत."

शहाण्याला राहवलं नाही. "काका, तो करार वाचायचा नसतो. नुसतं क्लिक करायचं. कुणीच वाचत नाही."

झालं! काका ताठ बसले. मी मनात म्हटलं, घे आता.

"चौतीस वर्षं मी नोंदणी कचेरीत होतो," काका म्हणाले. "हेच वाक्य मी रोज ऐकायचो. आजी, वाचायचं कशाला, इथे नुसता अंगठा टेका. एकदा एक भाचा आपल्या मावशीला घेऊन आला. मावशी घर भाच्याला देतेय म्हणे, राजीखुशीनं. कागद चोख, साक्षीदार हजर, साहेब म्हणाले, उरकून टाका. मी भाच्याला बाहेर पॅसेजमध्ये उभा केला, दार लावलं आणि तिला एकटीला विचारलं, बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? ती म्हणाली, आज सकाळपासून मला कुणी प्रश्न विचारला असा तू पहिलाच. आणि रडायला लागली. घर दिलं नाही तिनं. भाच्यानं माझ्या नावानं शिमगा केला, माझी बदली झाली. पुन्हा दुसरीकडे तेच, पुन्हा बदली. सहा गावं झाली. प्रत्येक वेळी सामान बांधताना ही म्हणायची..."

"पण," काकू म्हणाल्या. या वेळी हसल्या.

"पण सामान बांधायची," काका म्हणाले.

हा माणूस असा. शेजारी सांगतात, दूधवाल्याकडून महिन्याची पावती घेऊन तिच्यावर स्वतः 'पोचली' अशी सही करून तिची नक्कल दूधवाल्याला देतात. लग्नाआधी काकूंना पत्रं लिहायचे, तर वर 'संदर्भ: आपलं मागील पत्र' असं लिहून खाली मुद्द्यांना क्रमांक. काकूंनी ती फाइल जपून ठेवली आहे आणि आल्यागेल्याला दाखवायच्या. मुलगी शाळेत असताना सहलीच्या परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी यांनी तिला विचारलं, "तुला स्वतःला जायचं आहे की मैत्रिणी जातात म्हणून?" पोरगी सात वर्षांची. तिला उत्तर द्यायला दोन दिवस लागले आणि सहल निघून गेली. ती आजही हे ऐकवते म्हणे.

आणि हीच मुलगी उद्या येणार होती. तिच्याकडे रुग्णालय जवळ, तळमजल्यावरचं घर, एक खोली रिकामी. बोलावलं तिनं दोघांनाही होतं. काकांनी लेखी नकार दिला होता. "माझी कपाटं इथे आहेत," ते मला म्हणाले. "माझा प्रश्नच नाही. प्रश्न हिचा आहे. मुलगी म्हणते, आईला यायचंच असणार. मला वाटतं, हिला राहायचंच असणार. दोघंही तिच्या वतीनं बोलतोय. ती मात्र गप्प." एवढं बोलून ते उठले आणि खिडकी नीट बंद असताना पुन्हा बंद केली.

मी साहेबांचा कागद पुढे केला. काकांनी तो दोनदा वाचला.

"सही करणाऱ्यानं वाचलंय का हे?"

मी छताकडे बघितलं. छत स्वच्छ होतं.

"असो," काका म्हणाले. "कलमं खोडली, ठीक आहे. आता वापरणाऱ्या व्यक्तीची संमती." आणि त्यांनी कपाटातून शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं आणि काकूंपुढे धरला. "डावा अंगठा. दोन साक्षीदार हजर आहेतच."

काकूंनी पॅडकडे बघितलं. मग काकांकडे. एकोणतीस वर्षं चौकशी खिडकीत बसून गावोगावच्या माणसांना वाट दाखवलेली बाई, आणि तिच्यापुढे नवऱ्यानं अंगठ्याचा पॅड धरला होता! त्या अशा काही लालबुंद झाल्या की मीच मागे सरकले.

"पण!!"

डाव्या हाताचा असा फटका बसला की पॅड उडाला आणि शहाण्याच्या पांढऱ्या बुटावर उताणा पडला. शहाणा "माझे नवे बूट" असं म्हणेपर्यंत त्याच हातानं काकूंनी संगणकावरची चिठ्ठी उपटली, चुरगळली आणि माऊसकडे बोट केलं. माऊस उजवीकडे होता. मी उचलून डावीकडे ठेवला आणि त्यांची खुर्ची पुढे ओढली. बाण दोनदा भलतीकडे गेला, तिसऱ्यांदा चौकोनात शिरला. टक्. 'मला मान्य आहे.'

"थांब, अगं, असं एकदम..." काका पुढे झाले.

"काका, मागे सरका," मी म्हटलं. "तुम्ही दबाव आणताय."

ते खाली बसले. पेन काढून कागदावर लिहू लागले, 'स्वहस्ते. समक्ष. कुणीही न सांगता.'

त्यानंतरचा पाऊण तास मी माझ्या जन्मात विसरणार नाही, आणि शहाणा तर नाहीच नाही. तिसरी खिडकी आली. 'शिफारस केलेली पद्धत' आणि 'सानुकूल पद्धत'. काकू थांबल्या. मान वळवून शहाण्याकडे बघितलं.

"वरचं दाबा, काकू," तो म्हणाला.

"गप्प!" मी म्हटलं. "सांगायचं नाही. तू काय प्रत्येकाच्या घरी जाऊन उभा राहतोस का सांगायला?"

दोन मिनिटं गेली. दोन मिनिटं म्हणजे किती असतात ते आपल्याच हातचं काम समोरच्याला कळत नसताना बघावं. शहाणा आधी घड्याळाकडे बघत होता, मग शाईच्या बुटाकडे, मग हळूच काकूंच्या हाताकडे. तो हात वर जायचा, थबकायचा, परत यायचा. शेवटी काकूंनी वरचं दाबलं, पण पटून नाही, कंटाळून. चौथी खिडकी. ठिकाण निवडा. खाली कप्प्याचा पत्ता म्हणून तिरक्या रेघांची लांबच लांब ओळ. काकूंनी काकांकडे बघून विचारलं, "पण?"

"मी कळवलंय त्यांना," काका म्हणाले. "खिडकीशेजारी. उत्तर आलं नाही."

शहाण्याचे कान लाल झाले होते.

पाचव्या खिडकीत हिरवी पट्टी भराभर सरकली आणि नव्याण्णववर जाऊन बसली. एक मिनिट. पाच मिनिटं. आठ मिनिटं. काकूंनी पट्टीला बोटानं टिचकी मारली. काकांनी पंखा आणखी जवळ सरकवला. मी विचारलं, "बंद पडलं का रे?"

"नाही, चालू आहे. नव्याण्णववर असताना ते फाइली तपासतं."

"मग तसं लिही की, मेल्या! तपासतोय, थांबा, एवढं लिहायला तुझं काय जातं?"

अकराव्या मिनिटाला सहावी खिडकी उघडली. मधोमध एकच बटण, लाल. 'समाप्त'. काकूंनी हात झटकन मागे घेतला. मरणाच्या दारातून परत आलेली ती बाई, आणि तिच्यापुढे आम्ही लाल अक्षरात समाप्त लिहून 'दाबा' म्हणत होतो. माझ्या अंगाची आग आग झाली. मी शहाण्याकडे वळले तर तो आधीच म्हणाला, "चुकलं." एवढंच म्हणाला. तीन वर्षांत त्याच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, म्हणून मी ओरडायचं सोडून दिलं. काकूंनी आमच्या दोघांकडे बघितलं, काय समजायचं ते समजल्या आणि डोळे घट्ट मिटून बटण दाबलं.

फळा उघडला. इथून पुढे माऊस नको, पडद्यावर बोट टेकवलं की पुरे. घर, पाणी, दुखतंय, हो, नाही, जायचं, माणसं. काकूंनी 'पाणी' दाबलं. "पाणी," संगणक म्हणाला. काका पाण्याला धावले. काकूंनी ते प्यायलं नाही, नुसतं हातात धरून ठेवलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मागितलं आणि मिळालं होतं.

मग काका उठले. शर्ट सारखा केला. "आम्ही दोघं बाहेर थांबतो," ते शहाण्याला म्हणाले. आणि मला म्हणाले, "तुम्ही विचारा, बाई. तुमचा यात काही हितसंबंध नाही. दोन्ही बाजूंनी विचारा, उलट आणि सुलट. आणि जे म्हणेल ते... जे म्हणेल तेच सांगा." त्यांनी शहाण्याला पॅसेजमध्ये घेतलं आणि बाहेरून दार लावून घेतलं.

अकरा वर्षं मी लोकांचे अभिप्राय वाचतेय, पण समोर बसवून कुणाला कधी विचारलं नव्हतं.

"काकू, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

त्यांना हसू आलं. "नाही," संगणक म्हणाला.

"इथे राहायचं आहे?"

बोट थोडं थांबलं. "नाही."

"लेकीकडे जायचं आहे?"

"हो." मग त्यांनी एकेक करून दाबलं. "मुलगी. घर. जायचं."

दारापलीकडे एक माणूस उभा होता आणि त्याला हे मला जसंच्या तसं सांगायचं होतं. मी उठायला लागले, तर काकूंनी माझा पदर धरला.

"पण," त्या म्हणाल्या. स्वतःच्या तोंडानं.

त्या फळ्यावर काहीतरी शोधत होत्या. 'माणसं' उघडलं. मुलगी, मुलगा, डॉक्टर, शेजारी. नवरा या चित्राला आम्ही झुपकेदार मिशी काढली होती. ती मिशी बघून त्यांनी नाक मुरडलं आणि बोट टेकवलं. "नवरा. जायचं."

मी दार उघडलं. काका भिंतीला पाठ लावून उभे होते, हात बांधून, कधीकाळी तो भाचा उभा राहिला असेल तसे. "काय म्हणाली?"

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "स्वतः ऐका."

ते आत येऊन काकूंसमोर उभे राहिले. बसले नाहीत. काकूंनी पहिल्यापासून सगळं पुन्हा दाबलं. "मुलगी. घर. जायचं." काकांनी मान खाली घातली, कागद पुढे ओढला आणि लिहायला लागले. चौतीस वर्षं न हललेलं ते अक्षर हलत होतं. "नोंद घेतली," ते कसेबसे म्हणाले. "हरकत नाही. तुझी मर्जी असेल तर माझी काही हरकत..."

"पण," काकू म्हणाल्या. "नवरा. जायचं."

काकांचं पेन थांबलं. त्यांनी कपाटांकडे बघितलं, एकेक फाइलीकडे, मग खिडकीकडे, मग काकूंकडे.

"मी? अगं, मी कसा येणार? पण..."

बोलून गेले आणि स्वतःच चपापले. काकूंचे डोळे असे चमकले! जन्मभराचा त्यांचा शब्द आज नवऱ्याच्या तोंडात आला होता. त्यांनी शांतपणे बोट टेकवलं. "नाही," संगणक म्हणाला.

"पण ही कपाटं..."

"नाही."

"पण तिच्या घरी आपण दोघं म्हणजे..."

"नाही. नाही. नाही. नाही."

चार महिन्यांनी त्या घरात भांडण चाललं होतं. काका हरत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. शहाणा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी विचारलं, "काय रे, डोळ्यात काही गेलं का?" तर तो म्हणाला, "तुमच्याही गेलंय."

सोमवारी शहाण्यानं सहाच्या सहा खिडक्या मोडीत काढल्या. आता पहिल्या खिडकीतच फळा उघडतो आणि बोलतो. कागदपत्रं नंतर. करार एक पानाचा आहे, तो मी लिहिला आणि साहेबांना समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावला. पट्टी नव्याण्णववर गेली की 'तपासतोय, बंद पडलेलो नाही' असं लिहून येतं. 'समाप्त' गेलं. आणि तिसरा चौकोन आला, 'मला काही भाग मान्य आहे'. तो दाबला की पत्र थेट माझ्या टेबलावर येतं. रोज वीस येतात, मी रोज वैतागते आणि सगळी परिशिष्टासकट वाचते. फळ्याच्या पहिल्या पानावर शहाण्यानं कुणी न सांगता एक नवं बटण टाकलं, 'पण'. सुधारलेला फळा आम्ही सहीकाकांच्या नव्या पत्त्यावर सगळ्यांत आधी पाठवला.

तीन महिन्यांनी रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. या वेळी पातळ.

'संदर्भ: आपलं नवीन सॉफ्टवेअर. ते बसवायला एकूण चार मिनिटं लागली. करार वाचला. हरकत नाही. "पण" या बटणाबद्दल कळवण्यात येते की पत्नी हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारते, त्यामुळे तिला त्या बटणाची गरज भासत नाही. तथापि ते काढू नये. सध्या ते मी वापरतो. त्याशिवाय तिच्यासमोर माझा निभाव लागत नाही.'

खाली नेहमीची मोत्यासारखी सही. आणि तिच्या शेजारी, 'साक्षीदार' असं लिहिलेल्या जागी, डाव्या हातानं गिरवलेली, ओळ सोडून वर चढलेली दुसरी सही.